गाडीचं ॲव्हरेज पडलंय? पार्ट बदलण्याआधी इंजिनचं तापमान बघा

दिवाळीत नाशिकला घरी गेलो तेव्हा बाबांनी जेवताना जाहीर करून टाकलं, "गाडी विकून टाकू. नुसती पेट्रोल पिते." गाडी म्हणजे २०१३ च्या शेवटी घेतलेली, एक लिटर इंजिनची पेट्रोल हॅचबॅक. बाबांच्या वहीत २०१९ साली तिचं ॲव्हरेज १६.५ लिहिलेलं आहे. आता ते अकरा-बारा देते असं त्यांचं म्हणणं होतं.

विकायला माझी हरकत नव्हती. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला जावं लागतं आणि रिक्षात चढणं-उतरणं तिला जमत नाही. नवीन गाडीचा हप्ता बाबांच्या पेन्शनमधून निघणार नाही आणि माझ्याकडून ते घेणार नाहीत. पेट्रोल वाचवायचं म्हणून त्यांनी वाचनालयात जाणंही कमी केलं होतं, हे मला आईकडून कळलं.

प्रत्येकाची एकेक थिअरी तयार होती. बाबांच्या मते सगळा दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा. गॅरेजवाल्याच्या मते इंजेक्टर क्लीनिंग, प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर, मिळून नऊ हजार. माझ्या मते बाबा क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतात. मी ते बोलूनही दाखवलं. बाबा त्यावर काही बोलले नाहीत, ताट उचलून आत गेले. शेवटी निघालं ते वेगळंच, आणि ते शोधायला तीन महिने लागले. त्यातला निम्मा वेळ मी वाया घालवला. तुमचा जाऊ नये म्हणून हा लेख.

आधी आकडा पक्का करा

ॲव्हरेज पडलंय, पण किती? बाबांची सवय पंपावर "पाचशेचं टाक" म्हणायची. नाशिकला पेट्रोल साधारण १०४ रुपये धरलं तर पाचशेत पावणेपाच लिटर येतं. टाकीत आधी किती होतं ते काट्यावरून अंदाजाने. एवढ्यावरून काढलेलं ॲव्हरेज म्हणजे नुसता कौल.

बरोबर पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण नीट कोणी करत नाही. फुल टँक टू फुल टँक. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथे थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, गाडी नेहमीसारखी वापरायची आणि पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पहिल्या कट-ऑफपर्यंत भरायचं. किलोमीटर भागिले लिटर.

यातली मेख अशी की कट-ऑफ दर वेळी अगदी त्याच पातळीला होत नाही. गाडी किती कलती उभी आहे, पेट्रोल किती जोरात येतंय, यावर अर्धा-पाऊण लिटर इकडेतिकडे होतं. सहा लिटर भरून हिशेब केलात तर ही चूक दहा टक्क्यांच्या आसपास जाते. पंचवीस लिटरवर तीच चूक दोन-तीन टक्के. म्हणून टाकी बऱ्यापैकी रिकामी होईपर्यंत थांबा. आणि ओडोमीटर खरा आहे का तेही एकदा फोनच्या जीपीएसशी ताडून बघा. वेगळ्या साइजचे टायर टाकले असतील तर किलोमीटरच चुकीचे मोजले जातात.

मी टाकी भरून पुण्याला परतलो. नोव्हेंबरच्या मध्यावर बाबांचा मेसेज आला: ११.४. म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर होता.

इथेनॉलचा वाटा किती?

व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या प्रत्येक आजाराचं कारण ई-२० आहे, त्यामुळे हे आधी मोजून बाजूला ठेवू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागे ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० साठी कॅलिब्रेट केलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलाय.

१६.५ मधून ७ टक्के वजा केले तर १५.३ उरतात. ११.४ नाही. म्हणजे बाबांची थिअरी खोटी नव्हती, पण बाकीच्या जवळजवळ चार किलोमीटरचा हिशेब तिच्यात बसत नव्हता. अर्थात २०१९ मध्ये बाबा रोज चौदा किलोमीटरवर ऑफिसला जात होते आणि आता चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या होतात. थोडी घट त्यातही गेली असणार. तरी एवढी नाही.

स्वस्तातल्या गोष्टी आणि माझी महागातली चूक

टायरची हवा तपासली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय, चाकांत २३-२४ निघाली. भरली. पुढच्या टाकीला ११.७. एवढा फरक मोजण्याच्या चुकीतही येऊ शकतो, त्यामुळे त्याबद्दल काही दावा करत नाही. हवा भरायलाच हवी होती, एवढंच.

ब्रेक घासतायत का ते बघायला दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात नेला. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथे ब्रेक अडकतोय. आमची चारही सारखीच होती. बरोबर बसलेल्या बाबांनी विचारलं, "क्लचपण बघितलास का?" बघितला होता. घसरत नव्हता.

एअर फिल्टर साफ केला, पण त्यावर माझी आशा नव्हती. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये तुंबलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या होत्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत पिकअपवर परिणाम दिसला, ॲव्हरेजवर नाही. कारण सोपं आहे: हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. फिल्टरमुळे ॲव्हरेज पडतं ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे.

इथपर्यंत ठीक होतं. मग डिसेंबरच्या सुरुवातीला मी ऑक्सिजन सेन्सर ऑनलाइन मागवला. अठ्ठावीसशे रुपये. का? तर चार व्हिडिओंमध्ये तेच सांगितलं होतं आणि गॅरेजवालाही तेच म्हणत होता. ऑफिसमध्ये कुणी लॉग न बघता कोड बदलला तर मी त्याला दहा प्रश्न विचारतो. घरच्या गाडीवर मी स्वतः नेमकं तेच केलं. सेन्सर बसवल्यावरच्या टाकीला आकडा आला ११.६.

मग शेवटी डेटा बघितला

आपल्याकडे बीएस-४ चारचाकींना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. त्यानंतरच्या पेट्रोल गाडीत स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ईएलएम ३२७ नावाने मिळणारं ब्लूटूथ अडॅप्टर लावलं की इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, काय बघतोय ते फोनवर दिसतं. बाजारातले बहुतेक स्वस्त अडॅप्टर मूळ चिपच्या नकला असतात, पण या कामापुरते चालतात. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ नको, वायफाय किंवा बीएलई मॉडेल घ्या. काम झालं की काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

आत जे चालतं ते प्रोग्रामरला ओळखीचं वाटेल. ॲप "०१ ०५" असा प्रश्न पाठवतं: आत्ताचा डेटा दे, कूलंटचं तापमान. उत्तर येतं "४१ ०५ ६६". शेवटचा आकडा हेक्साडेसिमल आहे. तो आपल्या दशमान पद्धतीत १०२ होतो, त्यातून ४० वजा केले की ६२ अंश सेल्सिअस. वजा चाळीसपर्यंतची थंडीही एका बाइटमध्ये बसावी म्हणून ही चाळीसची क्लृप्ती. ॲप हे गणित स्वतःच करतं, पण आकडा हाताने काढून बघायची मला खाज असते.

हेच ६२ मला पहिल्यांदा खटकले. डिसेंबरच्या शेवटी मी गाडी सिन्नरपर्यंत नेऊन आणली, साठेक किलोमीटर. अर्ध्या तासानंतर इंजिन ८५-९० अंशांच्या आसपास स्थिर राहायला हवं. आमचं कूलंट ६२ ते ६८ मध्ये फिरत होतं. परतताना मोहदरी घाट उतरू लागलो तसं ते ५५ पर्यंत खाली आलं. उतारावर इंजिनला काम नाही आणि समोरून थंड वारा. इंजिन धावता धावता गार पडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फिजिओथेरपीला नेताना पुन्हा लॉग घेतला. ४.२ किलोमीटर, चौदा मिनिटं. सुरुवातीला कूलंट १४ अंश, पोचलो तेव्हा ४९. आणि "०१ ०३" या प्रश्नाला, म्हणजे इंधन नियंत्रणाच्या स्थितीला, चौदापैकी अकरा मिनिटं उत्तर "०१" येत होतं. त्याचा अर्थ: ओपन लूप, इंजिन अजून पुरेसं तापलेलं नाही.

ही ओपन लूप भानगड समजून घ्या, सगळं इथे आहे. इंजिन तापलं की ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडून धुराची खबर घेतो आणि पेट्रोल सतत कमी-जास्त करून प्रमाण बरोबर ठेवतो. हा क्लोज्ड लूप. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं थंड भिंतींवर चिकटून राहतं. म्हणून ईसीयू जाणूनबुजून जास्त पेट्रोल सोडतो, आयडलिंगचा वेगही वाढवून ठेवतो आणि सेन्सरकडे बघतच नाही. त्यात थंड ऑइल घट्ट असतं, त्यामुळे फिरायलाही जास्त जोर लागतो. ही व्यवस्था दोन-चार मिनिटांसाठी आहे. आमची गाडी जवळजवळ पूर्ण फेरी त्यातच काढत होती. ज्या सेन्सरकडे ईसीयू बघतच नव्हता तो मी अठ्ठावीसशे रुपये घालून बदलला होता.

सिन्नरहून येताना गाडी बराच वेळ क्लोज्ड लूपमध्ये होती, तेव्हाचा लाँग टर्म फ्युएल ट्रिमही बघितला. ठरलेल्या हिशेबापेक्षा ईसीयूला किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल द्यावं लागतंय, तो हा आकडा. आमचा अधिक ५ ते ७. इथेनॉलला जळायला त्याच्या वजनाच्या मानाने हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेत ई-२० जास्त सोडावं लागतं. जुन्या गाडीत एवढा अधिक ट्रिम त्यामुळे येऊ शकतो. हाच आकडा अधिक १५-२० असता तर कुठेतरी हवा आत खेचली जातेय किंवा पंपाचं प्रेशर कमी आहे असा संशय घेतला असता. बराच उणे असता तर गळका इंजेक्टर. दोन्ही नव्हतं, त्यामुळे इंजेक्टर क्लीनिंगचे पैसे वाचले.

मग इंजिन तापत का नव्हतं?

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. आपल्याकडे मेकॅनिक तिला थर्मोस्टॅट वॉल्व्ह किंवा नुसतंच वॉल्व्ह म्हणतात. तिच्या पोटात मेण भरलेलं असतं. थंडीत झडप बंद, कूलंट इंजिनमध्येच फिरतं आणि पटकन तापतं. ठरलेल्या तापमानाला, बहुतेकदा ८२ किंवा ८८ अंशांना, मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जाऊ लागतं. ही झडप उघडीच अडकली तर कूलंट पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतं.

मी बाबांना म्हटलं, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. बाबा काही न बोलता उठले आणि गाडीच्या बिलांची फाइल घेऊन आले. एप्रिल २०२५ मध्ये भर उन्हात सिग्नलला गाडी गरम झाली होती, तेव्हाचं गॅरेजचं बिल. त्यावर चौथ्या ओळीत लिहिलं होतं, "थर्मो. वॉल्व्ह काढला". मेकॅनिकने त्यांना सांगितलंही होतं, "काका, वॉल्व्ह काढून टाकलाय, आता कधीच गरम होणार नाही." आणि खरंच झाली नाही.

मी तीन महिने तर्क लढवत होतो आणि उत्तर कपाटातल्या फाइलमध्ये होतं. त्याहून लागलं ते दुसरं. दिवाळीतच बाबा म्हणाले होते की डॅशबोर्डवरचा निळा दिवा हल्ली फार उशिरा विझतो आणि हीटरही कोमटच येतो. आमच्या गाडीत तापमानाचा काटा नाही, नुसता थंडीचा निळा आणि गरम झाल्यावरचा लाल दिवा. मी त्यांचं क्लचचं काय ते सांगण्यात गुंतलो होतो.

मेकॅनिकला शिव्या घालण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात गाडी तापली की वॉल्व्ह काढणं हा आपल्याकडचा जुना, सर्रास चालणारा उपाय आहे आणि त्या दिवशी गाडी घरी आली हे खरं. उन्हाळ्यात त्याचा तोटा फारसा दिसतही नाही, कारण बाहेरच चाळीस अंश असतात आणि जास्त पेट्रोलचं खापर एसीवर फुटतं. पावसाळ्यात फरक जाणवू लागतो, नाशिकच्या थंडीत उघडा पडतो. चेक इंजिनचा दिवा आमच्या गाडीत एकदाही लागला नाही, त्यामुळे दिवा नाही म्हणजे दोष नाही असं समजू नका.

बसवला, पण आधी एक काम

गाडी मुळात गरम का झाली होती, हे शोधल्याशिवाय वॉल्व्ह परत बसवला तर पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच होणार. म्हणून दुसऱ्या एका मेकॅनिककडे आधी रेडिएटरचा फॅन तपासला. फॅनचा रिले कधी चिकटायचा, कधी नाही. तो बदलला.

नवीन थर्मोस्टॅट साडेचारशे रुपयांचा. बसवण्याआधी तो घरी तपासता येतो: पाण्याच्या पातेल्यात दोरीने लटकवायचा, थर्मामीटर ठेवायचा आणि पाणी तापवायचं. आमचा ८० च्या पुढे हळूहळू उघडायला लागला आणि पाणी गार झाल्यावर पूर्ण बंद झाला. आई बघत होती. तिची एकच अट होती, पातेलं परत स्वयंपाकघरात यायचं नाही.

जानेवारीच्या मध्यावर बसवून घेतला. हाउसिंग उघडलं तर आत खरोखर काही नव्हतं, नुसतं गास्केट. कूलंट बदललं, आत राहिलेली हवा काढली. ऑइलही बदललं, कारण डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता. थंड इंजिनमध्ये न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं. ॲव्हरेजपेक्षा इंजिनचं हे नुकसान जास्त मोठं. मजुरी धरून सगळं साधारण तीन हजार.

तोच फिजिओथेरपीचा रस्ता, तशीच थंड सकाळ: तिसऱ्या मिनिटाला क्लोज्ड लूप, आठव्या मिनिटाला ८० अंश. फेब्रुवारीच्या टाकीला ॲव्हरेज १४.१. फेब्रुवारीत थंडी कमी झाली होती, त्यामुळे त्यातला थोडा भाग हवामानाचा. १६.५ परत येणार नाहीत, इथेनॉल आणि छोट्या फेऱ्या आहेतच. तरी महिन्याला साडेचारशे किलोमीटर धरले तर सात लिटर, म्हणजे सव्वासातशे रुपये वाचतात.

ओबीडी अडॅप्टर नसेल तरी हे तपासता येतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करा, बोनेट उघडा, पट्टा आणि फॅन यांपासून लांब राहून रेडिएटरला जाणारा वरचा जाड पाइप हाताने बघा. तो पहिली काही मिनिटं गारच राहायला हवा आणि मग बऱ्यापैकी अचानक गरम व्हायला हवा. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी आहे किंवा नाहीच. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपच्या बाजूला असतो, तिथे खालचा बघा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आणि हीटर कोमट येत असेल तर त्याकडे लक्ष द्या.

मार्चमध्ये पुन्हा गेलो तेव्हा भर दुपारी द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही मुद्दाम गाडी नेली. कूलंट ९६ ला गेलं, फॅन लागला, ९१ ला बंद झाला. असं चार वेळा. बाबा बाजूला बसून दोन्ही आकडे वहीत लिहून घेत होते. परतताना गाडी त्यांनी चालवली आणि वाटेत वाचनालयाशी थांबवली.